भूकंपाला नोटीस देता येत नाही

१५ जानेवारी १९३४. भर दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळची जमीन हादरली. मुंगेर, मुझफ्फरपूर या शहरांचे ढिगारे झाले, दहा हजारांहून जास्त माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. अस्पृश्यतेचं जे पाप आपण पिढ्यानपिढ्या करत आलो त्याची ही ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. रवींद्रनाथ ठाकुरांना हे सोसवलं नाही. अस्पृश्यता वाईट, याबद्दल दोघांत काडीचाही मतभेद नव्हता. दीडच वर्षापूर्वी येरवड्याच्या तुरुंगात अस्पृश्यांच्याच प्रश्नावरचं गांधीजींचं उपोषण सुटलं तेव्हा रवींद्रनाथ तिथे हजर होते. तरीही त्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं आणि गांधीजींनी ते १६ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये आपल्या उत्तरासह छापलं. प्रतिपक्षाचं म्हणणं स्वतःच्याच पत्रात छापायची ही रीत पुढे कुठे गेली कोण जाणे.

रवींद्रनाथांचा मुद्दा दुहेरी होता. भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात, हा पहिला. दुसरा अधिक बोचरा: निरपराध माणसांना सरसकट चिरडून जो धडा शिकवतो, त्या ईश्वरापेक्षा साधा माणूस नीतीनं वरचढ ठरेल; शिवाय सनातनी लोक हाच भूकंप गांधीजींच्या चळवळीमुळे ओढवला असंही खुशाल म्हणू शकतील. गांधीजींनी उत्तर दिलं ते श्रद्धेच्या भाषेत. आपल्याला हे सिद्ध करता येणार नाही, पण ही समजूत चुकीची ठरली तरी तिनं आपलं भलंच होईल, कारण तिच्यामुळे आत्मशुद्धीची धडपड वाढेल, असा त्यांचा रोख होता.

हा प्रसंग आपल्याकडे बहुधा विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असा सांगितला जातो आणि रवींद्रनाथांना विजयी घोषित करून विषय मिटवला जातो. मला त्यात वेगळंच काही दिसतं. गांधीजी दैववादी नव्हते. 'नशिबात होतं, घडलं' असं ते म्हणत नव्हते. उलट भूकंपासारख्या गोष्टीचीही जबाबदारी ते माणसावर टाकू पाहत होते. जबाबदारी घेण्याची हौस दोघांपैकी त्यांनाच जास्त होती. मग बिघडलं कुठे? बिघडलं पत्त्यात. पाप केलं कोणी आणि मेलं कोण! ज्यांच्यावर शतकानुशतकं अन्याय झाला ती माणसंही त्याच ढिगाऱ्यांखाली होती. जबाबदारी मोठी होती, पण ती चुकीच्या दारात नेऊन ठेवली गेली.

इहवादी मानवतावाद माणसाच्या कर्तृत्वाबद्दल आणि जबाबदारीबद्दल काय म्हणतो, हे समजून घ्यायला म्हणूनच भूकंपासारखं उदाहरण नाही. या विचारावर नेहमीचा आक्षेप असतो की देव नाही, परलोक नाही, कर्मफळ नाही, म्हणजे माणूस मोकाट सुटला. उलट बाजूनं काही उत्साही बुद्धिवादी 'माणूसच आपल्या भाग्याचा शिल्पकार' असं सांगत फिरतात, आणि तेही तितकंच ढोबळ आहे. या विचाराचं खरं काम खतावणी लिहिण्याचं आहे. एखाद्या घटनेत निसर्गाचा वाटा किती, योगायोगाचा किती, कोणाच्या हाताचा, कोणाच्या सहीचा किती, हे वेगवेगळं मांडायचं आणि ज्याची रक्कम त्याच्या नावे टाकायची. दैवाच्या खात्यावर कायम मोठी शिल्लक दिसते, कारण ते खातं तपासायला कोणी जात नाही.

ते तपासायची सुरुवात युरोपात एका भूकंपानंतरच झाली. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लिस्बनची चर्चं भरलेली. धक्क्यामागून समुद्राच्या लाटा आल्या, आणि मग आग लागली. व्हॉल्तेअरनं या संहारावर कविता लिहून 'जे आहे ते सगळं भल्यासाठीच' या आशावादाची टर उडवली. त्यावर रूसोनं १७५६ साली त्याला पाठवलेलं पत्र मला व्हॉल्तेअरच्या कवितेपेक्षाही मोलाचं वाटतं. रूसो देव मानणारा होता आणि त्याला देवाचा बचावच करायचा होता. पण तो करताना त्यानं एक फार आधुनिक गोष्ट लिहिली: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे दाटीवाटीनं निसर्गानं उभी केली नव्हती, माणसं विखरून आणि साध्या घरांत राहत असती तर हानी कितीतरी कमी झाली असती. देवाला वाचवता वाचवता त्यानं जबाबदारीचा एक मोठा हिस्सा नगररचनेकडे वर्ग केला.

पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं तेच काम सरकारी पद्धतीनं केलं. त्यानं गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, माणसं किती मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, आगी कुठे लागल्या. पाप कोणी केलं, हा प्रश्न त्यात नव्हता. नव्या लिस्बनमधली घरं भिंतीच्या पोटात लाकडी सांगाडा घालून बांधली गेली. पण या कथेला काळी किनारही आहे. मालाग्रिडा नावाचा एक जेझुइट धर्मगुरू, हा देवाचा कोप आहे, घरं बांधण्याआधी प्रायश्चित्त घ्या, असं सांगत पुस्तिका छापत होता. १७६१ साली पोंबालच्याच राजवटीत त्याला गळा आवळून मारलं आणि जाळलं. भूकंपातून देवाला वजा केलं म्हणजे हाती उरतो तो मानवतावादच, असं नाही. कधी नुसती सत्ताही उरते.

आता आपल्या किल्लारीकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार लोक गेले. भूकंप ६.२ ते ६.४च्या दरम्यानचा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे ६.७चा धक्का बसला, तोही पहाटे साडेचारला, माणसं झोपेत असताना आणि दाट वस्तीत. तिथे साठाच्या आसपास माणसं मेली. जमिनीनं दोन्हीकडे आपलं काम केलं. मग या दोन आकड्यांमधल्या फरकाला दैव म्हणायचं की आणखी काही?

माळवदाचं घर ज्यानं जवळून पाहिलं आहे त्याला उत्तर भिंतीतच सापडेल. भिंत जाड, दोन-तीन फुटांची, कुठे त्याहून जास्त. बघणाऱ्याला वाटावं, तोफ लावली तरी पडायची नाही. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून वेळोवेळी त्यावर आणखी माती पडत जाते, आणि छताचं वजन वर्षागणिक वाढतं. उन्हाळ्यात आत गारवा असतो, चोराला भिंत फोडता येत नाही. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात राहणाऱ्यानं हे घर पसंत केलं यात वेडेपणा काहीच नव्हता. धक्का बसला तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्यांवर आले. अनेक ठिकाणी लाकडी खांब मात्र तसेच उभे राहिले. उपाय पुढे सांगितले गेले ते असे: ठरावीक अंतरावर भिंतीतून आरपार जाणारा दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा फिरवा, माळवदाची माती कमी करा. यात रॉकेटविद्या कसली आली आहे? गवंड्याला दोन दिवसांत शिकवता येईल एवढंच ते काम.

आणि ही विद्या तोवर जन्मलीच नव्हती असंही नाही. बिहारच्या भूकंपावरून वाद रंगला त्याच्या आधीच, १९३१मध्ये बलुचिस्तानात माच इथे भूकंप झाला होता. त्यानंतर रेल्वेतले तरुण अभियंते एस. एल. कुमार यांनी क्वेट्ट्यात लोखंडी रूळ वापरून भूकंप सोसतील अशी रेल्वेची घरं बांधवून घेतली. ३१ मे १९३५ला क्वेट्टा जमीनदोस्त झालं, हजारोंनी माणसं मेली, पण ती घरं टिकली. गांधी-ठाकूर वाद आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. कुमारांचं नाव स्थापत्याच्या वर्तुळाबाहेर कोणाला ठाऊक नसतं. जबाबदारीबद्दल बोलणाऱ्यांची आपण आठवण ठेवतो, ती पार पाडणाऱ्यांची नाही.

मग किल्लारीचा दोष कोणाचा? घर बांधणाऱ्या शेतकऱ्याचा नक्कीच नाही. त्याच्या बापानं बांधलं तसं त्यानं बांधलं, हाताशी दगड होता, पैसा बेताचा होता, आणि आपल्या पायाखालची जमीन हलू शकते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचं पठार अचल आहे, ही त्या काळच्या शास्त्राचीच समजूत होती. जे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेता येत नाही, त्याचा दोष कोणाच्या माथी मारता येत नाही. मानवतावादी हिशेबातला हा पहिला नियम आहे, आणि तो कर्मविपाकाच्या हिशेबापेक्षा पुष्कळ दयाळू आहे. लेकरं गमावलेल्या बाईला 'गेल्या जन्मीचं काहीतरी असेल' असं सांगणारे प्रत्येक आपत्तीनंतर भेटतात. 'बाई, यात तुझी काहीही चूक नव्हती' हे वाक्य निश्चयानं बोलायला मागच्या जन्माचं खातं आधी बंद करावं लागतं.

पण ज्ञान वाढलं की रक्कम सरकते, हा दुसरा नियम. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनानगर हादरलं होतं आणि पावणेदोनशेच्या आसपास लोक गेले होते, तेव्हाच 'अचल' पठाराबद्दल शंका घ्यायला हवी होती. १९९२च्या ऑगस्टपासून खुद्द किल्लारीत लहान धक्के बसत होते. त्या ऑक्टोबरातला एक तर चांगलाच जाणवणारा होता. म्हणजे शेतकऱ्याच्या नावे शून्य असताना ज्यांच्याकडे नकाशे, उपकरणं आणि अधिकार होते त्यांच्या नावे काही ना काही जमा होत होतं. नेमकी तारीख कोणी सांगणार नाही, आजही सांगता येत नाही. पण माळवदावरची माती कमी करा, एवढं सांगायला तारीख लागत नाही. २००२च्या सुधारित मानकात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. इथून पुढे त्या भागात तशीच दोन थरांची भिंत पडून माणूस मेला, तर दैवाला हात लावता येणार नाही.

कोयनेचं उदाहरण तर याहून पुढे जातं. धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरल्यानंतर तिथल्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि धरणातल्या पाण्यानं चेतवलेल्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून भूशास्त्रज्ञ जगभर कोयनेचा दाखला देतात. रवींद्रनाथांनी माणसाची करणी आणि धरणीकंप यांच्यात आखलेली रेघ इथे पुसट झाली. माणसाच्या पापानं नाही, पण त्याच्या अभियांत्रिकीनं जमीन हलू शकते. गांधीजी बरोबर होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. मात्र माणसाचा हात जसजसा लांब पोचतो, तसतसं निसर्गाच्या खात्यावरचं काही त्याच्या खात्यावर यावंच लागतं. वाढत्या तापमानाचं प्रकरण याच जातीचं आहे.

इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी हात वर करील. तुम्ही निसर्गात सगळं कार्यकारणानं बांधलेलं मानता, मग माणूसही निसर्गाचाच भाग; त्याचे निर्णयही मेंदू, संगोपन, परिस्थिती यांनी ठरलेले. मग भूकंपाला माफी आणि ठेकेदाराला तुरुंग, हा कुठला न्याय? प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकणारे मानवतावादी मला आवडत नाहीत. मानवेंद्रनाथ रॉय यांनी तो झटकला नाही. १९४६ साली मांडलेल्या नवमानवतावादाच्या बावीस सूत्रांत त्यांनी माणसाला निसर्गनियमांच्या बाहेर काढलं नाही. उलट निसर्ग नियमबद्ध आहे म्हणूनच त्यातून निपजलेला माणूस विवेकशील आहे आणि विवेक हाच नीतीचा पाया आहे, अशी त्यांची मांडणी होती. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या विचाराकडे ओढले गेले, याचं मला कधी नवल वाटलं नाही. न्यायशास्त्र घोटलेल्या माणसाला कारण आणि सबब यांतला फरक सांगावा लागत नाही.

त्या फरकातच उत्तर आहे. ठेकेदारानं सिमेंट मारलं, त्यालाही कारणं असतात. पण त्या कारणांत 'हे करू नकोस, माणसं मरतील' हे वाक्यही कारण म्हणून शिरू शकतं. माणसाला युक्तिवाद ऐकू येतो, तो लाजतो, घाबरतो, मत बदलतो. भूकंपाला नोटीस देता येत नाही, त्याचं म्हणणं मागवता येत नाही, त्याला पुढच्या वेळी सुधारता येत नाही. इच्छास्वातंत्र्य म्हणजे कारणांच्या साखळीतून सुटका नव्हे. त्या साखळीत विचाराची एक कडी असणं, एवढंच पुरेसं आहे. म्हणून ज्याची ही कडीच तुटलेली आहे त्याला, लहान मुलाला किंवा वेडाच्या भरातल्या माणसाला, कायदाही दोष देत नाही. आणि ज्याच्याकडे ज्ञान, अधिकार, पैसा जास्त, त्याची जबाबदारीही जास्त. आत्म्याच्या शुद्धतेचा इथे काही संबंध नाही.

योगायोग मात्र उरतोच. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत आणि त्यांत दैव पाचवं आहे. मानवतावाद्यानं त्या पाचव्यावर चिडायचं कारण नाही; आधीच्या चारांचा हिशेब पुरा झाल्यावर त्याला यायला सांगायचं. दोन ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीनं गाडी हाकतात. एकाच्या वाटेत पोर येतं, दुसऱ्याच्या येत नाही. थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये या कोड्यावर लिहिलं आणि ते अजून सुटलेलं नाही. सुटलं नाही म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरनं स्वतःला सज्जन समजू नये, एवढं तरी त्यातून निघतं.

मला आजची खरी अडचण वेगळीकडेच दिसते. देवाला बाजूला सारणाऱ्यांनीही नवी दैवतं बसवली आहेत. कोणाचं दैव इतिहास, कोणाचं बाजार, कोणाचं जनुक. आपल्याकडचं सर्वांत लाडकं म्हणजे 'सिस्टीम'. पूल पडला, रुग्णालयात आग लागली, होर्डिंग कोसळलं की दुसऱ्या दिवशी 'सिस्टीमच सडली आहे' असं आपण गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, आणि ते म्हणताना नेमकं तेच करतो जे 'ईश्वरेच्छा' म्हणणारा करतो: सगळ्यांना दोषी ठरवून प्रत्येकाला मोकळं करतो. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताबद्दल विचारलं होतं, की दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी याखेरीज त्याचा हेतू तरी काय असू शकतो? तीच कसोटी 'सिस्टीम'लाही लावून पाहावी.

व्यवस्था नसते असं माझं म्हणणं नाही. गरिबी, जात, भ्रष्टाचार यांना रचना असते आणि एकट्या कारकुनाला फासावर चढवून ती बदलत नाही. पण व्यवस्थेला हात नसतात. कागदावर सही कोणातरी माणसाची असते, तपासणी न करता तपासल्याचा शेरा कोणीतरी मारलेला असतो, आणि त्या शेऱ्याविरुद्ध बोलता येत असताना गप्प बसलेलंही कोणीतरी असतं. वर्ग किंवा राष्ट्र स्वतः विचार करत नाही, विचार करते ती व्यक्ती, हे रॉय यांना मार्क्सवादात अनेक वर्षं घालवून उमगलं. १९४८च्या अखेरीस त्यांनी आपला पक्षच विसर्जित केला. पक्ष विसर्जित करणं राजकारण म्हणून शहाणपणाचं होतं की नाही, यावर वाद घालता येईल, आणि मी तो विरोधी बाजूनं घालीन. संघटनेशिवाय एकेकट्या विवेकी माणसांनी बावन्न गावं नव्या जागी उभी केली नसती. किल्लारीनंतर ती उभी राहिली त्यामागे सरकार, जागतिक बँकेचा पैसा, संस्था आणि गावकरी असे सगळे होते. पण रॉय यांचं निदान चुकलेलं नव्हतं.

या विचाराकडे सांत्वन थोडं आहे, हे मान्य करायला हवं. ढिगाऱ्यासमोर बसलेल्या माणसाला भ्रंश आणि भिंतीचं शास्त्र सांगायला जाणारा मानवतावादी हा मूर्ख असतो. त्या वेळी 'देवानं नेलं' असं कोणी म्हणालं तर ते ऐकून घ्यावं आणि पाणी आणून द्यावं. हिशेब नंतर करायचा असतो, आणि तो दुःखितांकडून मागायचा नसतो. ज्यांच्या टेबलावर नकाशे होते त्यांच्याकडून मागायचा असतो.

तो मागायला पुढच्या भूकंपाची वाट पाहायचीही गरज नाही. तुमची इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, कोणी केलं, अहवालावर सही कोणाची आहे आणि त्यातली कोणती दुरुस्ती अजून झालेली नाही, हे सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.